परवान्यात नसलेलं गाव

हैदराबाद

विमानतळावर सामान घेऊन निघालेले लोक कस्टमला सामान दाखवायच्या लाल वाटेकडे बघतसुद्धा नाहीत, हिरव्या वाटेने झपाझप बाहेर पडतात. अठरा वर्षं मीही तेच केलं. या वेळी मात्र मुकाट्याने लाल वाटेला लागले. एका हातात काळी टणक पेटी, शाळेच्या दप्तराएवढी, आणि दुसऱ्या हातात तिच्यापेक्षा जाड वाटावी अशी फाईल. पेटीत उष्णता टिपणारा कॅमेरा होता.

मी जनावरांची डॉक्टर. नेदरलँड्समध्ये गाईंवर उन्हाचा काय परिणाम होतो याचा अभ्यास करते. तिकडच्या गाई जरा ऊन वाढलं की धापा टाकायला लागतात, दूध आटवतात, आणि गोठ्यात पंखे लावून त्यांच्या मिनतवाऱ्या कराव्या लागतात. आपली देवणी गाय भर दुपारी रवंथ करत बसलेली असते. ती हे कसं जमवते, ते अंगाच्या कुठल्या भागातून उष्णता बाहेर टाकते यावरून कळतं, आणि ते दाखवतो हा कॅमेरा. पडद्यावर गार भाग निळा दिसतो, तापलेला भाग पिवळा-लाल.

पण गाय दाखवणारा हा डोळा अंधारात लपलेला माणूसही दाखवतो, आणि बंदुकीवर बसवता येतो. त्यामुळे तो नेदरलँड्सबाहेर न्यायचा तर तिथल्या सरकारची परवानगी लागते. विकायला नाही, कुणाला द्यायलाही नाही, अकरा दिवसांनी तोच कॅमेरा त्याच हातात परत येणार आहे, असं कितीही सांगितलं तरी लागतेच. इकडे आपल्या कस्टमवाल्यांनाही लिहून द्यावं लागतं की आणलेली वस्तू परत घेऊन जाईन.

काउंटरवरच्या साहेबांनी पेटी उघडून घेतली. "इसमें क्या दिखता मॅडम?"

"गाय," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे एकदा आणि कॅमेऱ्याकडे एकदा बघितलं. "बिना इसके नहीं दिखती क्या?"

मागे उभी असलेली दोन माणसं हसली. मला मात्र घाम फुटला होता. साहेबांनी मग कॅमेऱ्याच्या पोटावरचा नंबर एकेक आकडा बोट ठेवून वाचला, माझ्या कागदावरच्या नंबराशी ताडला, शिक्का मारला आणि म्हणाले, "जाते टाइम येइच नंबर दिखाना, मॅडम. दूसरा नक्को."

तो शिक्का बघून मला उगाचच परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं. परवाना मी स्वतः भरला होता, तोही किती काळजीपूर्वक! हा कॅमेरा मीच वापरणार, दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही, तो कायम माझ्या ताब्यात राहील, असं सगळं लिहून खाली सही ठोकली होती. 'उपकरण कुठे कुठे नेणार' या रकान्यात हैदराबाद विमानतळ, तिथून बीदरवरून जाणारा रस्ता आणि लातूर जिल्हा अशी नोंद होती. दोन परराज्यांतला रस्तासुद्धा मी विसरले नव्हते. त्या रकान्यात नांदेड जिल्हा नव्हता, कारण तिथे मला काम नव्हतं. तिथे माझं घर आहे, उमरीला, आणि घर काय कामाच्या यादीत लिहायचं असतं?

देवणी

माझी उतरायची सोय गोविंदराव बिरादारांच्या मळ्यात होती. देवणी गावापासून थोडं आत, पांढऱ्या मातीच्या गाडीवाटेने जायचं. त्यांच्याकडे चौदा देवणी गाई आणि एक वळू. काकांचं वय साठीच्या पुढचं, आवाज मोठा, आणि गाईंचा अभिमान एवढा की पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी त्यांनी मला गोठ्यात नेलं.

"ही बगा बालंक्या. पोटाखाली काळी. ही वानेरा, हिचं तोंड तेवढं काळं. आन् ही शेवेरा, ठिपक्याठिपक्याची. नाव चंद्री." चंद्रीने माझा हात हुंगला आणि तोंड फिरवलं. मी जिथे काम करते तिथे गाईच्या कानात पिवळा बिल्ला असतो आणि पाच आकडी नंबर. चार वर्षं जिच्यावर काम केलं त्या गाईचा नंबर मला अजून पाठ आहे. तिला नाव नव्हतं, आणि त्यात काही चुकतंय असं मला तेव्हा वाटलंही नव्हतं.

काकू सीमेपलीकडच्या, माहेर भालकीकडचं. मला बघून त्यांनी पहिलं विचारलं, "ऊटा आयता?" आणि माझा चेहरा बघून लगेच मराठीत, "जेवलीस का गं?" नाही म्हटल्यावर पुढच्या दहा मिनिटांत ताट आलं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वरून कच्चं करडईचं तेल, ठेचा आणि चंद्रीच्या दुधाचं दही. तिकडे दुपारचं जेवण म्हणजे दोन पावांच्या मधे चीजचा तुकडा, तोही संगणकासमोर बसून. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि चौथीला नाही म्हणताना डोळ्यांत पाणी आलं. काकूंना वाटलं ठेचा लागला.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. सूर्य उगवायच्या आधी एकदा, भर दुपारी एकदा आणि चारला एकदा, असं दिवसातून तीनदा प्रत्येक गाईचं चित्र घ्यायचं. दुपारी पडद्यावर जमीन लालभडक आणि गाईच्या गळ्याखालची लोंबती पोळी मात्र हिरवट निळी. बिरादारकाका माझ्या मागे उभे राहून बघायचे आणि दर वेळी म्हणायचे, "मी तर पयलंच सांगितलं अस्तं." गोंधळ एकच झाला. चंद्रीचं वासरू भारी हावरट निघालं. फाईल पाच मिनिटं बाजेवर ठेवली तर त्याने परवान्याच्या झेरॉक्सचा कोपरा खाऊन टाकला. मूळ कागद आत होता म्हणून वाचला. काका म्हणाले, "सरकारी कागद पचंल का त्याला?" आणि मला दिवसभर तेच आठवून हसू येत राहिलं.

पण मी आले होते ते नुसत्या गाईंसाठी नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. शनिवार-रविवार मी उमरीला जाणार होते. आई गेली त्या वर्षी घरी आले होते, त्यानंतर तीन वर्षं झाली. बाबा एकटे राहतात, पंच्याहत्तरी ओलांडली आहे. रोज संध्याकाळी फोनवर ते तयारी सांगायचे. खोलीला चुना मारून घेतला. पलीकडच्या शांताबाईंकडून येसराचं मसालेदार पीठ भाजून-दळून घेतलं, कारण माझ्या आईच्या हातची येसर आमटी मला आवडायची. मागच्या अंगणातल्या कडुलिंबाला पालवी फुटलीय. "तुझी खाट त्याच्याखाली टाकतो," असं ते म्हणाले, आणि त्या झाडाची सावली मला देवणीत बसून अंगावर जाणवली. किती वर्षांत मला कुठल्या झाडाखाली झोपावंसं वाटलं नव्हतं.

गुरुवारी मारायकेचा फोन आला. मारायके म्हणजे आमच्या संस्थेत हे परवाने बघणारी बाई. स्वभावाने गोड, नियमाने कडक. सगळं ठीक ना, विचारलं. मी भोळेपणाने सांगितलं की शनिवारी दोन दिवस घरी जातेय.

"आणि कॅमेरा?"

"इथेच ठेवीन, कपाटात. घरचीच माणसं आहेत."

मग तिने मला माझ्याच सहीची अट वाचून दाखवली. कॅमेरा एक तर माझ्या हातात हवा, नाहीतर तिजोरी किंवा पहारा असलेल्या कुलूपबंद जागेत. कुणाच्या घरच्या कपाटात चालणार नाही. बरं, बरोबर नेते म्हणावं तर नांदेड जिल्हा यादीत नाही. यादी बदलायची तर नवा अर्ज, आणि अर्जाला सहा आठवडे. "तू घराचं नाव का लिहिलं नाहीस?" तिने विचारलं. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

उदगीर

शुक्रवारी सकाळचं माप उरकलं आणि बिरादारकाकांच्या गाडीतून तिजोरी शोधायला निघालो. मांडीवर पेटी. वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता, आणि राग आला की मी फार कामाची होते, हा माझा जुना अनुभव आहे.

एका बँकेत गेलो. मॅनेजर सज्जन होते, पण लॉकर खातेदारालाच आणि लॉकरचं तोंड माझ्या पेटीच्या निम्मं. एका चांगल्याशा हॉटेलात गेलो, तिथे खोलीत तिजोरी होती, तिच्यात फार तर चहाचा डबा मावला असता. काकांना मग कल्पना सुचली. "तहसीलला कस्टडीची खोली अस्ती. परीक्षेचे पेपर ठिवतेत. बाहीर पोलीस. तिच्यापेक्षा मजबूत काय असायलंय?"

कल्पना बिनतोड होती. एका तालुक्याच्या कचेरीत आम्ही तासभर बसलो. तिथले अव्वल कारकून माझ्या परवान्याची झेरॉक्स अथपासून इतिपर्यंत वाचत होते, वासराने खाल्लेल्या कोपऱ्यासकट. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"ताई, कागद एक नंबर हाय तुमचा. पण त्या खोलीत सध्या धाव्वीचा भूगोल हाय. सील केल्याला. भूगोल निघाल्याबिगर आत मुंगीबी जात न्हाई."

"भूगोल कधी निघेल?"

त्यांनी सांगितलेली तारीख मी विमानात बसणार त्याच्या दोन दिवस नंतरची होती. त्यांनी आम्हाला चहा पाजला, आणि 'असं कामून लिहिलं न्हाई उमरीचं' हे त्यांनीही विचारलंच.

परत येताना काका म्हणाले, "ताई, एक सांगू का? गाडीत घालू, वरून कडब्याच्या पेंढ्या टाकू. चार तासांत उमरी. उद्या जाऊ, परवा येऊ. कोण बघायलंय?"

मी खिडकीबाहेर बघत होते. काढलेल्या ज्वारीचं रान, मधेच करडईचा पिवळा तुकडा. हाच रस्ता पुढे माझ्या गावाकडे जातो. मी म्हटलं, "जाऊ." खरंच म्हटलं. आणि मोठ्या आनंदाने बाबांना फोन लावला, की येतेय, परवान्यात कॅमेरा सोडायची मनाई आहे म्हणून तो घेऊनच येतेय.

बाबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "कागदावर उमरी हाय का?"

"नाही. पण कुणाला कळणार नाही."

"सही कुणाची हाय त्याच्यावर?"

"माझी."

फोनवर मागे कुठेतरी रेल्वेचा भोंगा वाजला. आमचं घर स्टेशनाजवळ आहे. "मग येऊ नको, मित्रा," बाबा म्हणाले. मित्रा हे माझं घरातलं नाव.

इथे मला थोडं मागचं सांगायला हवं. बाबा सरकारी धान्य गोदामाचे कीपर होते. आमच्या घराण्यातली पहिली सरकारी नोकरी. गोदामाची किल्ली कमरेला, आणि रीतसर चार्ज दिल्याशिवाय ती कुणाच्या हाती जायची नाही. चार्ज घ्यायला वरून माणूस यावा लागे, तो कधी यायचा नाही. माझे बक्षीस समारंभ, मामांची लग्नं, सगळं त्या किल्लीने खाल्लं. "आपल्याकडं बोट दाखवायला लोक टपल्यालेच असतेत," ते म्हणायचे, "एक पोतं कमी निघालं तर पोतं बघत न्हाईत, जात बघतेत." अठरा वर्षांपूर्वी मी देश सोडून निघाले तेव्हा उमरी स्टेशनवर सगळी गल्ली आली होती. बाबा नव्हते. गोदामावर त्या दिवशी ट्रक लागले होते. गोदाम फलाटावरून दिसतं. गाडी सुटली तेव्हा मी त्याच्या पत्र्यांकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, आता मला कधीच बोलवू नका.

ते सगळं त्या क्षणी उसळून वर आलं. मी ओरडले, "तुम्ही तेव्हाही असंच केलं! तुम्हाला माणसापेक्षा कागद मोठा!" आणि फोन बंद केला. मी पेटीवर डोकं टेकून रडले. बेचाळीस वर्षांच्या बाईने परक्या माणसाच्या गाडीत असं रडू नये, हे कळत होतं.

दहा मिनिटांनी बाबांचाच फोन आला. आवाज नेहमीसारखा.

"मित्रा, जिम्मेदारी तुझ्याकडं हाय. तू जागा सोडू नको. माझ्याकडं आता कायबी न्हाई. मीच येतो."

पुन्हा देवणी

शनिवारी दुपारी ते आले. उमरीहून नांदेड रेल्वेने, नांदेडहून उदगीर एसटीने, तिथून काळीपिवळी जीपमधे कोंबून. गुडघे दुखतात म्हणून जे बाजारालाही जात नाहीत, ते बांधावरून काठी टेकत येत होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात कापडी पिशवी. मी पेटी घेऊनच धावले. मिठी मारायची आमच्यात पद्धत नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वाळलीस." मी म्हटलं, "तुम्हीही." झाली भेट.

बिरादारकाकांना त्यांनी "जयभीम" घातला. काकांनी "जयभीम, या पाव्हणं" म्हणून बाज झटकली. चहा पिऊन झाल्यावर बाबांनी पहिली गोष्ट मागितली ती फाईल. परवाना त्यांनी सगळा वाचला, इंग्रजीचं एकेक वाक्य ओठांत पुटपुटत. खाल्लेली झेरॉक्स बघून चेहरा पडला. "ह्याच्या तीन प्रती काढून ठिव. एक अंगावर, एक बॅगेत, एक ह्यांच्या घरी."

संध्याकाळी मला न्हाणीत जायचं होतं. मी म्हटलं, "बाबा, पाच मिनिटं पेटीजवळ बसता?"

ते उठून उभे राहिले. "माझ्या हवाली करू नको. माझं नाव न्हाई कागदावर." आणि खोलीतून बाहेर जाऊन ओट्यावर बसले, खोलीकडे पाठ करून. शेवटी मी पेटी न्हाणीत नेली आणि बादलीवर पाट ठेवून तिला त्याच्यावर बसवलं. हसावं की चिडावं कळेना. मी हसले.

पिशवीतून धपाटे निघाले, त्यांनी स्वतः केलेले, कडांनी करपलेले. येसरची बरणी निघाली. काकूंनी त्याची आमटी केली आणि आम्ही चौघं एकत्र जेवलो. जेवण झाल्यावर बाबा आपलं ताट घेऊन मोरीकडे निघाले. कुणाच्या घरी जेवलं की आपलं ताट आपण धुवायचं ही त्यांची जुनी सवय, ती कशी लागली हे मला ठाऊक आहे. काकूंनी ताट त्यांच्या हातातून ओढून घेतलं. "पाव्हण्यानं ताट धुयाचं नस्तंय आमच्यात." बाबा हात तसेच पुढे धरून जरा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "आमटी चांगली झाली, बाई."

रविवारी त्यांना गाई दाखवल्या. "मला त्याच्यात बघता येतं का? नियमात बसतंय?" बघायला हरकत नाही, हात लावायचा नाही, मी म्हटलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि पडद्यात वाकून बघितलं. चंद्रीचे लांब कान निळे झाले होते. पुष्कळ वेळ बघून म्हणाले, "हे तू शोधून काढायलीस?"

"शोधायलेय."

"आईला दाखवायला पाहिजे होतं."

आम्ही लिंबाखाली बसलो, काकांच्या लिंबाखाली. उमरीच्या झाडाचं कुणी नाव काढलं नाही. मला त्या झाडाची, चुना मारलेल्या खोलीची, स्टेशनातून येणाऱ्या भोंग्याची इतकी आठवण येत होती की बाबा शेजारी असूनही घर दूर राहिल्यासारखं वाटत होतं. तसं मी त्यांना सांगितलं. मग गाईंकडे बघत, मी न विचारता, ते म्हणाले, "त्या दिवशी मला यायचं होतं स्टेशनवर. लई यायचं होतं. गोदामाच्या दारातून गाडी दिसायली होती. तुझा डबा कोणता ते कळंना, म्हणून मी शेवटच्या डब्यापर्यंत हात हालवला."

अठरा वर्षं मी त्यांच्याकडून कारण ऐकत आले होते. यायचं होतं, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला. दुसरा हात पेटीवर होता.

जळकोट

सोमवारी ते निघाले. सकाळचं माप झाल्यावर काकांनी आम्हाला उदगीरला सोडलं. स्टँडवर नांदेडची गाडी लागली होती. त्यांना खिडकीजवळ बसवलं आणि त्यांचा हात सुटेना, म्हणजे माझाच सुटेना. मग लक्षात आलं की ही गाडी जळकोटवरून जाते आणि जळकोट लातूर जिल्ह्यात आहे. परवान्यात बसतं. मी पेटी घेऊन त्यांच्या शेजारी बसले.

"आजोबाला तिकीट न्हाई, ताईला हाफ," कंडक्टर म्हणाला. "कुठपर्यंत?"

"जळकोट."

"आन् आजोबा नांदेड? संगं न्हाई जात का तुम्ही?"

"तिची हद्द जळकोटपर्यंतच हाय," बाबांनी सांगितलं. कंडक्टरला काय वाटलं कोण जाणे, त्याने पुढे काही विचारलं नाही.

रस्त्यात आम्ही आईबद्दल बोललो, शांताबाईंच्या सुनेबद्दल बोललो. माझ्या घराला खिडक्या किती आहेत हे त्यांनी विचारलं, जे कधी विचारलं नव्हतं. मी मोजून सांगितल्या. प्रत्येक खिडकीतून काय दिसतं तेही सांगायला लावलं. कालवा, सायकली, समोरच्या म्हातारीचं मांजर. तेवढ्यात जळकोट आलं.

मी उठले. ते पण उठले. "तुम्ही कशाला?"

"मागून गाडी हाय की."

आम्ही स्टँडवरच्या बाकड्यावर बसलो. चहा घेतला. नांदेडची दुसरी गाडी आली, कंडक्टरने "नांदेड, नांदेड" म्हणून ओरडून घेतलं आणि ती गेली. बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. उन्हं चढली. शेजारी एक बाई टोपलीत द्राक्षं घेऊन बसली होती, तिच्याकडून घेतली, ती आंबट निघाली, तरी सगळी खाल्ली. तिसरी गाडी आली आणि गेली. ज्या माणसाने नोकरीत कधी घड्याळ चुकवलं नाही, तो माझ्या शेजारी बसून गाड्या सोडत होता. भर दुपारचं माप घ्यायची माझी वेळही निघून गेली, चारचंही हुकणार होतं. माझ्या तक्त्यात त्या दिवसाचे ते दोन रकाने कोरे आहेत, आणि मारायकेने विचारलं तेव्हा मी तिला खरं कारण सांगितलं.

"मित्रा, तुझं काम गाईचंच हाय ना?" बाबांनी मधेच विचारलं.

"हो."

"मग आपल्याकडं लाल कंधारी न्हाई का? कंधारला, मुखेडला, आपल्या उमरीतबी दोन-चार घरी हाय. तिला ऊन लागत न्हाई का?"

मी कपाळाला हात लावला. लाल कंधारी! आमच्याच जिल्ह्यातली गाय, पुस्तकात मी शंभरदा वाचलेली, दारापुढून जाताना शेपूट धरून जिच्या मागे पळाले ती गाय. अर्ज भरताना माझ्या डोक्यात ती आली नाही.

चौथी गाडी आली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. पुढे उमरीपर्यंत जायचं तर तीच धरावी लागणार होती. मी त्यांना हात धरून चढवलं. खिडकीची काच अर्धीच सरकत होती. त्यांनी तोंड तिच्याजवळ आणलं, आणि गोदामात हमालांना सांगायचे त्या आवाजात, ठासून, मला सांगितलं, "पुढच्या खेपंला फॉर्म भरशील तवा उमरी लिही. पयलं नाव तेच लिही. गाईसाठी म्हणून लिही, कशासाठीबी लिही. मी असलो न्हाई असलो तरी लिही."

मला खूप बोलायचं होतं. तोंडातून होकाराचं नुसतं "हाव" निघालं, आणि गाडी कंधारच्या रस्त्याला लागली.